जैवभौतिकीत पदव्युत्तर पदवी: अभ्यासक्रम निवडण्यापासून प्रबंध सादर करण्यापर्यंत

जैवभौतिकी या एकाच नावाखाली विद्यापीठांमध्ये दोन बऱ्याच वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात, आणि त्यांपैकी आपल्याला कोणती हवी आहे हे अर्ज करण्यापूर्वीच ठरवावे लागते. पहिली परंपरा रचनेची आहे. प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले यांचे त्रिमितीय आकार क्ष-किरण विवर्तन, एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) किंवा क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन यांच्या साहाय्याने शोधायचे आणि त्या आकारावरून रेणूचे कार्य समजून घ्यायचे, हा तिचा गाभा. प्रथिनसाखळीत कोणते कोन संभवतात आणि कोणते संभवत नाहीत हे दाखवणारा जो आलेख जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडला, तो नव्या रचनांची तपासणी करताना आजही वापरला जातो. दुसरी परंपरा प्रामुख्याने भौतिकशास्त्राच्या विभागांत वाढली. एखादा रेणू, एखादी पेशी किंवा पेशींचा समूह घ्यायचा आणि बल, ऊर्जा, विसरण, यादृच्छिक चढउतार आणि माहिती या संकल्पनांच्या आधारे त्याच्या वर्तनाचे गणित मांडायचे, ही तिची रीत. स्क्विडच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून हॉजकिन आणि हक्स्ले यांनी १९५२ मध्ये चेतासंदेशाची समीकरणे लिहिली, ते या रीतीचे अजूनही सर्वोत्तम उदाहरण म्हणता येईल.

हा लेख मुख्यतः दुसऱ्या परंपरेत शिरू पाहणाऱ्यांसाठी आहे, मात्र त्यातील बरेचसे पहिलीलाही लागू पडते. पदव्युत्तर पातळीवर खरोखर कमवायचे कौशल्य एकच आहे, असे माझे मत आहे: जीवशास्त्रातील एखादे विधान ऐकल्यावर त्याचे मोजता येईल अशा राशीत रूपांतर करणे आणि ती राशी प्रयोगाशी ताडून पाहणे. पुढील सर्व सूचना या एका कौशल्याच्या दृष्टीने दिलेल्या आहेत.

पहिली पायरी: अभ्यासक्रमाची निवड

माहितीपत्रकातील प्रास्ताविक वाचण्यात फारसा वेळ घालवू नये; सरळ विषयांची यादी उघडावी. सांख्यिकीय भौतिकी हा विषय अनिवार्य आहे की ऐच्छिक, हे सर्वांत आधी पाहावे. तो यादीतच नसेल, तर नाव काहीही असले तरी तो अभ्यासक्रम जैवरसायनशास्त्राकडे किंवा वैद्यकीय उपकरणांकडे झुकलेला आहे असे समजायला हरकत नाही. त्यात गैर काहीच नाही, फक्त ते आपल्याला माहीत असायला हवे. किरणोपचार आणि वैद्यकीय प्रतिमांकन शिकवणारी वैद्यकीय भौतिकी ही आणखी वेगळी शाखा आहे. तिच्यात नोकरीची वाट बरीच आखलेली असते, परंतु पेशींच्या भौतिकीशी तिचा संबंध थोडाच येतो.

त्यानंतर प्रबंधाला किती काळ दिलेला आहे ते पाहावे. तीन महिन्यांच्या प्रबंधात सिद्धांताचे किंवा संगणकीय सादृशीकरणाचे छोटे काम होऊ शकते, पण प्रयोगाचे काम क्वचितच पुरे होते, कारण नमुने तयार करण्याची पद्धत हातात बसण्यातच पहिले काही आठवडे निघून जातात. प्रयोगाची ओढ असेल तर सहा महिने ते एक वर्ष प्रबंधाला मिळतील असा अभ्यासक्रम शोधावा. विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने पेशी वाढवता येतील अशी प्रयोगशाळा त्या विभागात आहे की त्यासाठी दुसऱ्या विभागाच्या दारात उभे राहावे लागते, ही बाबही बारकाईने विचारून घ्यावी. शेवटी, गेल्या काही वर्षांत तेथे सादर झालेल्या प्रबंधांची शीर्षके वाचावीत. तेथे खरोखर काय चालते, हे त्यांतून माहितीपत्रकापेक्षा अधिक प्रामाणिकपणे कळते.

दुसरी पायरी: वर्ग सुरू होण्यापूर्वीचे महिने

या शाखेत येणारे विद्यार्थी साधारणपणे भौतिकशास्त्र, जीवशास्त्र किंवा अभियांत्रिकी या तीन दिशांनी येतात आणि प्रत्येकाची उणीव वेगळी असते.

भौतिकशास्त्राच्या पदवीधराने जीवशास्त्राचे जाड पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये, कारण शेकडो नावांच्या गर्दीत तो आठवड्याभरात कंटाळतो. त्याऐवजी एकच सजीव नीट ओळखावा. त्यासाठी ई. कोलाय हा जिवाणू उत्तम आहे: लांबी सुमारे दोन मायक्रोमीटर, जाडी एक मायक्रोमीटरच्या आसपास, आणि अनुकूल परिस्थितीत विभाजनाचा काळ वीस मिनिटांच्या जवळ. त्याच्यात जनुकापासून प्रथिन कसे बनते, जनुक चालू किंवा बंद कसे होते, पेशीपटलातून पदार्थ कसे आत येतात आणि तो पोहतो कसा, एवढे चार प्रश्न समजले की पुढील वर्षभरातील बहुतेक व्याख्याने समजू लागतात. त्यानंतर केंद्रक, पेशीकंकाल आणि मायटोकॉन्ड्रिया असलेल्या मोठ्या पेशींकडे वळावे.

जीवशास्त्राच्या पदवीधरासमोरचे काम अधिक कष्टाचे आहे, आणि ते तसे नाही असे सांगण्यात अर्थ नाही. त्याने कलनशास्त्र, पहिल्या व दुसऱ्या क्रमाची साधी विकलक समीकरणे, टेलर श्रेणी, सारणींची आयगेन-मूल्ये आणि संभाव्यता या पाच गोष्टी कागद-पेन्सिल घेऊन पक्क्या कराव्यात. यांतही संभाव्यतेला सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण विसरण असो, आयनमार्गिका (पेशीपटलातील आयनांची दारे) असो वा जनुकांची अभिव्यक्ती असो, सगळीकडे द्विपद, प्वासाँ आणि गाउसीय वितरणेच भेटतात. अभियंत्यांना गणित आणि उपकरणे येतात. त्यांनी उष्मागतिकी आणि वर वर्णन केलेले जीवशास्त्र यांकडे लक्ष द्यावे.

तिघांनाही उपयोगी पडेल असा एक अभ्यास सुचवतो. १९४३ मध्ये जीवशास्त्रज्ञ लुरिया आणि भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आलेले डेलब्रुक यांनी एक प्रश्न विचारला: विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणूशी गाठ पडल्यावर निर्माण होतात, की ते आधीपासूनच योगायोगाने तयार झालेले असतात? त्यांनी पुष्कळ लहान नळ्यांत जिवाणू स्वतंत्रपणे वाढवले, नंतर प्रत्येक नळीतील जिवाणू विषाणू पसरलेल्या तबकडीवर टाकले आणि टिकून राहिलेल्या वसाहती मोजल्या. प्रतिकार विषाणूच्या संपर्काने निर्माण होत असता, तर वसाहतींची संख्या प्वासाँ वितरणाप्रमाणे पसरली असती, म्हणजे तिचे प्रचरण (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप) सरासरीइतके आले असते. उत्परिवर्तन आधीच होत असेल, तर मात्र एखाद्या नळीत ते फार लवकर घडून त्याची संतती प्रचंड वाढलेली असणार आणि प्रचरण सरासरीच्या कितीतरी पट मोठे येणार. प्रत्यक्षात प्रचरण प्रचंड आले. येथे सूक्ष्मदर्शक लागला नाही की एखादा रेणू वेगळा करावा लागला नाही. वितरणाच्या आकारावरून यंत्रणा ओळखली गेली. हा प्रयोग संगणकावर पन्नास-साठ ओळींत उभा करता येतो. वर्ग सुरू होण्यापूर्वी तो स्वतः लिहून, दोन्ही गृहीतकांचे आलेख शेजारी-शेजारी काढून पाहिल्यास संभाव्यता, जनुकशास्त्र आणि प्रोग्रामिंग यांचा एकत्र सराव होतो.

तिसरी पायरी: अंदाजी गणिताची सवय

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि कोणत्याही वेळापत्रकात तिच्यासाठी तास नसल्यामुळे ती सर्वाधिक दुर्लक्षितही आहे.

सुरुवात एका संख्येपासून करावी. बोल्ट्झमन स्थिरांक आणि कक्ष-तापमान यांचा गुणाकार, म्हणजेच औष्णिक ऊर्जेचे एकक, सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर भरतो. पेशीतील घडामोडी नॅनोमीटरच्या अंतरावर आणि पिकोन्यूटनच्या बलांनी होतात, म्हणून ही संख्या ज्यूलमध्ये पाठ करण्यापेक्षा याच एककांत लक्षात ठेवणे सोयीचे असते. आता कायनेसिन हे प्रथिन घ्या. ते पेशीतील सूक्ष्मनलिकेवरून ८ नॅनोमीटरच्या पावलांनी चालते आणि साधारण ६ पिकोन्यूटन विरोधी बल लावले की थांबते. म्हणजे एका पावलात जास्तीत जास्त ४८ पिकोन्यूटन-नॅनोमीटर, अर्थात औष्णिक ऊर्जेच्या जवळजवळ बारा पट कार्य होते. पेशीतील परिस्थितीत एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचा एक रेणू फुटल्यावर औष्णिक ऊर्जेच्या सुमारे वीस पट किंवा थोडी अधिक मुक्त ऊर्जा मिळते आणि एका पावलाला एक रेणू लागतो. भागाकार केला की या यंत्राची कार्यक्षमता निम्म्याच्या आसपास येते. तीन संख्या आणि दोन क्रिया, एवढ्यावर आपण एका रेण्वीय यंत्राविषयी अर्थपूर्ण विधान केले.

दुसरे उदाहरण विसरणाचे. विसरणाने काटलेल्या अंतराचा वर्ग काळाच्या प्रमाणात वाढतो, अंतर स्वतः नव्हे. एखाद्या प्रथिनाचा विसरण गुणांक दर सेकंदाला १० वर्ग मायक्रोमीटर धरला, तर एक मायक्रोमीटर अंतर एका दिशेने कापायला त्याला वीसांश सेकंद लागतो. म्हणून जिवाणूला आतल्या आत मालवाहतुकीची व्यवस्था लागत नाही. आता हेच प्रथिन पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या, एक मीटर लांबीच्या चेतातंतूतून पाठवायचे आहे असे समजा. अंतर दहा लाख पट झाले, म्हणून काळ दहा लाखांच्या वर्गाइतक्या पट वाढतो आणि उत्तर दीड हजार वर्षांच्या वर जाते. कायनेसिन मात्र दर सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर चालते. त्या गतीने हाच प्रवास सुमारे बारा दिवसांत होतो. रेण्वीय मोटारी का असाव्या लागतात, या प्रश्नाचे याहून थेट उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

अशीच आणखी काही मापे हाताशी असावीत. एक घन मायक्रोमीटर आकारमानात एकच रेणू असेल, तर त्याची संहती सुमारे १.७ नॅनोमोलर होते. त्यामुळे शोधनिबंधात नॅनोमोलर हे एकक दिसले की जिवाणूच्या बाबतीत आपण मोजक्या रेणूंविषयी बोलत आहोत हे लगेच लक्षात येते. पेशीपटलाची जाडी चार ते पाच नॅनोमीटर आणि त्यावरील विभवांतर ७० मिलिव्होल्टच्या आसपास असते. भागाकार करून येणारे विद्युतक्षेत्र दर मीटरला एक कोटी व्होल्टहून मोठे आहे. पाण्यात दर सेकंदाला वीस मायक्रोमीटर वेगाने पोहणाऱ्या जिवाणूची रेनॉल्ड्स संख्या (जडत्व आणि श्यानता यांच्या प्रभावांचे गुणोत्तर) दहाच्या उणे पाचव्या घाताच्या पातळीची असते. म्हणजे तेथे जडत्व जवळपास शून्य आहे: पर्सेल यांनी १९७६ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात दाखवल्याप्रमाणे, अशा जिवाणूने पोहणे थांबवले तर तो एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतरात थांबतो.

दररोज एक याप्रमाणे अशी गणिते वहीत करावीत. उत्तर दुपटीने चुकले तरी चालेल, शंभरपटीने चुकले तर कोणते गृहीतक फसले ते शोधावे. गृहीतक शोधण्यातच खरा अभ्यास होतो.

चौथी पायरी: विषयांचा क्रम

पहिल्या सत्रात सांख्यिकीय भौतिकी घ्यावीच. बोल्ट्झमन वितरण आणि दोन अवस्था असलेली प्रणाली एवढ्या साधनांनी आयनमार्गिका उघडी असण्याची संभाव्यता, एखाद्या रेणूचे ग्राहीला चिकटणे, जनुकाच्या नियंत्रणस्थळी प्रथिन बसणे हे सर्व एकाच सूत्राच्या रूपात मांडता येते. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन जोडला जाण्याचा आलेख इंग्रजी एस या अक्षरासारखा का दिसतो, याचे हिल यांनी १९१० मध्ये लिहिलेले सूत्र आणि मोनो, वायमन व शांजो यांनी १९६५ मध्ये मांडलेले प्रारूप या दोहोंची तुलना स्वतः करून पाहावी. पहिले आलेखाशी जुळते पण यंत्रणेविषयी फारसे सांगत नाही. दुसरे यंत्रणा सांगते आणि म्हणून चुकीचे ठरण्याचा धोकाही पत्करते. प्रारूप म्हणजे काय, हे या जोडीतून फार चांगले शिकता येते.

त्यानंतर यादृच्छिक भ्रमण आणि विसरण, मग श्यान द्रवातील गती आणि बहुवारिकांची (लांब साखळी-रेणूंची) भौतिकी, या क्रमाने जाणे सोपे पडते. बहुवारिकांच्या प्रकरणात डीएनए हे मुख्य पात्र आहे: व्यास २ नॅनोमीटर, दोन लगतच्या बेस-जोड्यांत ०.३४ नॅनोमीटर अंतर आणि ज्या लांबीपर्यंत तो ताठ राहतो ती लांबी ५० नॅनोमीटर. मानवी पेशीतील सुमारे दोन मीटर डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात कसा मावतो, या प्रश्नापासून हा विषय कोरडा राहत नाही. पटलांची लवचीकता आणि विद्युतविभव यांचा अभ्यास याच्या जोडीने होऊ शकतो. आयनांच्या संहतीतील फरकावरून पटलावरील विभव देणारे नेर्न्स्ट समीकरण स्वतः सिद्ध करून मगच हॉजकिन-हक्स्ले समीकरणांकडे जावे.

असंतुलित प्रणालींचा विषय शेवटी ठेवावा, पण वगळू मात्र नये. सजीव पेशी संतुलनात नसते, ती सतत ऊर्जा खर्च करते, आणि या खर्चाने काय विकत घेतले जाते हा आजच्या संशोधनातील एक मोठा प्रश्न आहे. प्रथिन तयार होताना चुकीचे अमिनो आम्ल जोडले जाण्याचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक इतके कमी असते; केवळ बंधनऊर्जेतील फरकावर अवलंबून राहिल्यास इतकी अचूकता मिळू शकत नाही. ऊर्जा खर्च करून ती कशी मिळवता येते, हे हॉपफील्ड यांनी १९७४ मध्ये दाखवले. त्यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते चेताजालांवरील वेगळ्या कामासाठी, परंतु जैवभौतिकीच्या विद्यार्थ्याने त्यांचा हा जुना निबंध आधी वाचावा.

पुंज यांत्रिकी किती लागते, असा प्रश्न नेहमी येतो. प्रकाशाचे शोषण आणि प्रतिदीप्ती, तसेच दोन रंगद्रव्यांमधील ऊर्जेचे हस्तांतरण समजण्यापुरती ती पुरेशी आहे. एका सत्रात चारपेक्षा अधिक जड विषय घेण्याचा मोह टाळावा. ऐच्छिक विषयांच्या लांब यादीचा प्रबंधाला उपयोग होईलच असे नाही.

पाचवी पायरी: हाताने करायचे काम

सिद्धांतात रस असलेल्या विद्यार्थ्यानेही एक तरी प्रायोगिक विषय घ्यावा. पिपेट अचूक वापरणे, निर्जंतुक पद्धतीने जिवाणू वाढवणे, बफर तयार करणे, आणि कंट्रोलशिवाय (तुलनेसाठीच्या नमुन्याशिवाय) कोणताही प्रयोग सुरू न करणे या गोष्टी वाचून येत नाहीत. प्रत्येक नळीवर तारीख, द्रव्य, संहती आणि आद्याक्षरे लिहावीत. लेबल नसलेली नळी ही रिकाम्या नळीपेक्षाही निरुपयोगी असते.

उपकरणांत सूक्ष्मदर्शकापासून प्रारंभ करावा. प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा आबे यांनी १८७३ मध्ये सांगितली आणि ती ओलांडण्याच्या पद्धतींना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा इतिहास रंजक आहे, पण नवशिक्याचा वेळ साध्या बाबींत जातो: कॅमेऱ्याचा एक पिक्सेल नमुन्यावर किती नॅनोमीटर होतो, रंगद्रव्य किती वेळात विझते, दिवा पेशींना इजा करतो का.

ऑप्टिकल ट्विझर्स उपलब्ध असतील तर त्यांवर अवश्य काम करावे. अॅश्किन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एकाच लेसर किरणाने सूक्ष्म कण पकडून दाखवला. २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना यातूनच मिळाले. या उपकरणाचे अंशांकन हा सांख्यिकीय भौतिकीचा धडाच आहे. पकडलेला कण औष्णिक धक्क्यांनी हलतो आणि त्याच्या स्थानाचे प्रचरण हे औष्णिक ऊर्जा भागिले सापळ्याची ताठरता इतके असते. ताठरता दर नॅनोमीटरला ०.०५ पिकोन्यूटन असेल, तर कण सरासरी ९ नॅनोमीटरने इकडे-तिकडे होतो. येथे एक सूक्ष्म अडचण आहे, जी वर्गात बहुधा सांगितली जात नाही: कॅमेऱ्याचा उद्भासन काळ लांब असेल तर कणाची हालचाल पुसट होऊन प्रचरण कमी भरते आणि सापळा आहे त्याहून ताठर वाटतो. उद्भासन काळ बदलून उत्तर बदलते का, हे पाहिल्याशिवाय आलेला आकडा वहीत अंतिम म्हणून लिहू नये.

सहावी पायरी: संगणक

पायथन पुरेशी आहे. भाषा कोणती यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. यादृच्छिक भ्रमण, विसरण समीकरण आणि हॉजकिन-हक्स्ले समीकरणे यांचे प्रोग्राम स्वतः लिहावेत. त्यानंतर रासायनिक घटना एकेक करून यादृच्छिकपणे घडवणारी गिलेस्पी यांची १९७७ मधील रीत वापरून, ठरावीक दराने आरएनए तयार होते आणि ठरावीक दराने नष्ट होते अशी प्रणाली चालवावी. स्थिर अवस्थेत रेणूंची संख्या प्वासाँ वितरणाप्रमाणे यायला हवी. ती आली नाही तर चूक प्रोग्राममध्ये आहे. उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रश्नावर प्रोग्राम तपासण्याची ही शिस्त पुढे फार उपयोगी पडते. प्रोग्राम पहिल्या दिवसापासून गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवावेत.

रेण्वीय गतिकीच्या सादृशीकरणाचे आकर्षण बहुतेकांना असते, कारण पडद्यावर प्रथिन हलताना दिसते. त्यात पडण्यापूर्वी एक गणित करावे. या पद्धतीत काळाचे पाऊल साधारण दोन फेमटोसेकंदांचे असते, म्हणून एक मायक्रोसेकंदाच्या घटनेसाठी पन्नास कोटी पावले लागतात. आणि पेशीतील अनेक घटना मिलिसेकंदांत किंवा सेकंदांत घडतात. आपला प्रश्न या आवाक्यात बसतो का, हे आधी ठरवावे. अल्फाफोल्डसारख्या साधनांनी रचनेचे भाकीत सोपे केले आहे आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल अंशतः त्याच कामासाठी दिले गेले, तथापि रेणू एका अवस्थेतून दुसरीत किती वेगाने आणि किती ऊर्जा लागून जातो, या प्रश्नांची उत्तरे स्थिर रचनेतून मिळत नाहीत.

सातवी पायरी: शोधनिबंध वाचणे

आठवड्याला एक निबंध नीट वाचावा. दहा चाळण्यापेक्षा ते बरे. आधी आकृत्या पाहाव्यात आणि प्रत्येकीत उभ्या व आडव्या अक्षांवर काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगून पाहावे. एखादा आलेख निवडून त्यातील एक संख्या अंदाजी गणिताने पुन्हा काढावी. जीवशास्त्रीय निबंधांत नमुना-संख्येकडे विशेष लक्ष द्यावे: शंभर पेशी मोजल्या असे लिहिलेले असते तेव्हा त्या एकाच तबकडीतील होत्या की वेगवेगळ्या दिवशी केलेल्या स्वतंत्र प्रयोगांतील, यावर त्रुटीरेषांचा अर्थ पूर्णपणे बदलतो. एकाच तबकडीतील शंभर पेशी हा एका प्रयोगाचा पुरावा असतो, शंभर प्रयोगांचा नव्हे.

आठवी पायरी: प्रबंध

प्रबंधाचा शोध पहिल्या सत्रातच सुरू करावा. गटांच्या साप्ताहिक बैठकांना परवानगी घेऊन बसावे आणि मुख्य मार्गदर्शकांइतकेच तेथील पीएचडीच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. दैनंदिन मार्गदर्शन प्रत्यक्षात कोण करणार, उपकरण आज चालू स्थितीत आहे का, त्यावर आठवड्यातून किती वेळ मिळेल, प्रथिने किंवा पेशी कोण तयार करून देणार, आणि याआधीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे काम वेळेत संपले का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. चांगल्या गटाला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

विषय ठरवताना एक नियम कटाक्षाने पाळावा: नवे उपकरण आणि नवा जैविक नमुना हे दोन्ही एकाच प्रबंधात घेऊ नयेत. जुन्या, चालू उपकरणावर नवा नमुना, किंवा परिचित नमुन्यावर नवे उपकरण, यांपैकी एकच अनिश्चितता पत्करावी. दोन्ही एकत्र आल्या की अपेक्षित संकेत न दिसण्याचे कारण शोधणे जवळजवळ अशक्य होते. भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र अशा दोन्ही विभागांतील दोन मार्गदर्शक असतील, तर पहिल्याच महिन्यात दोघांना एकत्र बसवून प्रबंधाचा प्रश्न एका वाक्यात लिहून घ्यावा. तसे न केल्यास एकजण कोणते प्रथिन हे शोधायला सांगतो, दुसरा कोणता नियम हे विचारतो, आणि विद्यार्थी दोघांच्या मध्ये अडकतो.

आराखडा करताना उपलब्ध काळाचा शेवटचा तिसरा भाग लेखन आणि विश्लेषणासाठी राखून ठेवावा. मधल्या टप्प्यावर प्रयोग चालत नसेल तर पर्यायी प्रश्न कोणता, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे: जमा झालेल्या मोजमापांवर प्रारूप बसवणे किंवा मोजमापाच्या पद्धतीतील त्रुटींचा पद्धतशीर अभ्यास करणे, हे दोन्ही पूर्ण प्रतिष्ठेचे प्रबंध होऊ शकतात.

पुढे पीएचडी करायची की उद्योगात जायचे, हा निर्णय प्रबंधाच्या मध्यावर घेणे योग्य ठरते, कारण तोवर संशोधनाचा रोजचा कंटाळा आणि आनंद दोन्ही चाखून झालेले असतात. प्रतिमाविश्लेषण, विदाविज्ञान, औषधनिर्मिती आणि वैज्ञानिक उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांत या पदवीधरांना कामे मिळतात. तेथे मुलाखतीत विषयाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काय बांधले, मोजले किंवा लिहिले हेच विचारले जाते.

प्रबंध लिहिताना पद्धतीचे प्रकरण सर्वांत आधी आणि प्रयोग चालू असतानाच लिहावे, प्रस्तावना सर्वांत शेवटी. तोंडी परीक्षेत परीक्षक फळ्यावर अंदाजी गणित करायला सांगण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा आपल्या प्रबंधातील प्रत्येक मुख्य आकड्याचा परिमाणक्रम (तो दहाच्या कोणत्या घाताजवळ आहे हे) कागदाशिवाय काढता यायला हवा. सादरीकरण झाल्यावर मूळ मोजमापे, त्यांचे विश्लेषण करणारे प्रोग्राम आणि फ्रीझरमधील नमुन्यांची यादी पुढच्या विद्यार्थ्याला समजेल अशा टिपणासह गटाकडे सोपवावी, आणि प्रबंधातील निदान एक आकृती त्या टिपणावरून दुसऱ्या कुणाला नव्याने काढता येते का, हे निघण्यापूर्वी त्याच्याकडून करवून पाहावे.